पुढच्या पर्वात मन का लागत नाही?

‘पहिला सीझन दोन रात्रींत संपवला. दुसऱ्याच्या चौथ्या भागाला थांबलो ते थांबलोच.’ मालिका पाहणाऱ्या कोणाशीही बोला, हे वाक्य कानावर येतंच. पाठोपाठ प्रश्नही येतो: कलाकार तेच, गाव तेच, पैसा तर आधीपेक्षा जास्त, मग बिघडलं कुठे?

आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं: पाणी घातलं. ते खोटं नाही. पण ते कुठे घातलं जातं, का घातलं जातं आणि काही मालिका चार-पाच पर्वांनंतरही घट्ट कशा राहतात, हे त्या उत्तरातून कळत नाही. त्यासाठी आधी एक साधं गणित पाहू.

१. गळती पहिल्या आठवड्यापासूनच असते

समजा, एका मालिकेचा पहिला भाग एक लाख लोकांनी पाहिला. दर आठवड्याला शंभरातले तीन जण सोडून जातात. कोणाची बदली होते, कोणाची परीक्षा येते, कोणाला त्या वेळी दुसरं काही आवडू लागतं. मालिका वाईट झालेली नाही, कोणी रागावलेलंही नाही. तरी सात भागांचं छोटं पर्व संपेपर्यंत साधारण ८१ हजार उरतील. हेच पर्व बावीस भागांचं असेल, तर उरतील सुमारे ५१ हजार. म्हणजे काहीही न बिघडता निम्मे प्रेक्षक गेले.

म्हणून ‘लोक का गेले?’ या प्रश्नासोबत ‘नवे का आले नाहीत?’ हाही प्रश्न विचारावा लागतो. दर भागात नवा गुन्हा आणि त्याच भागात उकल, अशी मालिका असेल तर नवा माणूस कुठल्याही दिवशी येऊन बसू शकतो. एकच कथा पुढे सरकणाऱ्या मालिकेत ती सोय नसते. दुसऱ्या पर्वाच्या मध्यावर आलेल्याला हा कोणाचा मुलगा, ती याच्यावर का चिडली, काहीच कळत नाही. जाणारे जात राहतात आणि येण्याची वाट बंद असते.

ही वाट उघडी ठेवता आली तर काय होतं, ते ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेत दिसलं. २००८मध्ये तिचा पहिला भाग सुमारे १४ लाख लोकांनी पाहिला होता. २०१३मधला शेवटचा भाग १ कोटी ३ लाखांनी पाहिला. मधल्या काळात जुनी पर्वं नेटफ्लिक्सवर आली होती. उशिरा आलेल्याला पहिल्या भागापासून सुरुवात करून बाकीच्यांना गाठता येत होतं. मालिका उत्तम होतीच. पण उत्तम असून दाराशीच अडकलेल्या मालिकाही पुष्कळ आहेत.

२. उधारीची वही

आता गणितातून मनाकडे येऊ. प्रेक्षक पुढच्या भागाला परत येतो, कारण त्याचं काहीतरी अडकलेलं असतं. खून कोणी केला? ती त्याला खरं सांगेल का? असा प्रत्येक प्रश्न म्हणजे वाण्याच्या वहीतली उधारीची नोंद समजा. वाणी म्हणजे प्रेक्षक. तो आपला वेळ आणि जीव मालिकेला उधार देतो आणि फेडीची वाट पाहतो.

वाण्याचं वागणं आपल्याला ठाऊक आहे. गिऱ्हाईक अधूनमधून थोडी रक्कम देत राहिलं, की तो पुढचा मालही बिनबोभाट बांधून देतो. नुसतंच नेत राहिलं, तर एक दिवस वही मिटतो. आणि एखाद्याने सगळी बाकी एकदम चुकती करून नवं काही घेतलंच नाही, तर भांडण काहीच नसतं, पण येणं-जाणंही उरत नाही.

पुढच्या पर्वात रस जाण्याचे दोन मोठे प्रकार यातूनच निघतात. एकात बाकी फिटते आणि नवी नोंद होत नाही. दुसऱ्यात उधारी वाढत जाते आणि फेड होत नाही. दोन्हींत प्रेक्षक जातो. पहिल्यात निवांत जातो, दुसऱ्यात चिडून. पहिल्या प्रकाराचं ‘ट्विन पीक्स’इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही, म्हणून तिथे जरा थांबू.

३. ट्विन पीक्स : खुनी सापडला, पुढे काय?

८ एप्रिल १९९०. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ही मालिका सुरू झाली. वॉशिंग्टन राज्यातलं, देवदारांच्या जंगलातलं एक काल्पनिक गाव. पाण्याच्या काठाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एका शाळकरी मुलीचा मृतदेह सापडतो: लॉरा पामर.

त्या पहिल्या भागातला वर्गातला प्रसंग पाहा. हजेरी चालू आहे. पोलीस दारात येऊन शिक्षिकेच्या कानाशी काहीतरी बोलतो. खिडकीबाहेर एक मुलगी किंचाळत पटांगणातून पळत जाते. लॉराची मैत्रीण डॉना मान वळवते आणि लॉराच्या रिकाम्या बाकाकडे बघते. कोणी काही सांगितलेलं नाही, पण तिला कळतं आणि ती रडू लागते. अशी सुरुवात पाहिलेला माणूस ‘हिला कोणी मारलं?’ एवढंच विचारत नाही. या गावात कोण कोणापासून काय लपवतंय, हेही त्याला हवं असतं. एका नोंदीआड पंचवीस नोंदी झालेल्या असतात.

पहिला भाग सुमारे ३ कोटी ४६ लाख लोकांनी पाहिला. पहिलं पर्व जेमतेम आठ भागांचं होतं, आणि ते संपलं तेव्हा खुनी कोण ते कळलेलं नव्हतंच. उलट तपास करणाऱ्या एजंट कूपरवर कोणीतरी गोळी झाडली. सप्टेंबरअखेर दुसरं पर्व सुरू झालं. कूपर हॉटेलच्या खोलीत जमिनीवर पडलाय. एक म्हातारा वेटर गरम दूध घेऊन येतो, बिलावर सही घेतो, जातो, दारातून पुन्हा डोकावून अंगठा दाखवतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. मिनिटांवर मिनिटं जातात. मला हा प्रसंग फार आवडतो. मदत समोर उभी असूनही न मिळणं, हे इतक्या विचित्र आणि कोवळ्या रीतीने मी पडद्यावर क्वचित पाहिलंय. पण चार महिने उत्तराची वाट पाहिलेल्या प्रेक्षकाची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, तेही समजतं. तोवर प्रेक्षकसंख्या दोन कोटींच्या आत उतरली होती. मालिका आता शनिवारी रात्री दहाला दाखवली जाणार होती, म्हणजे तिचा तरुण प्रेक्षक घराबाहेर असण्याची वेळ.

एबीसीच्या मनोरंजन विभागाचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर (हेच पुढे डिस्नेचे सर्वेसर्वा झाले) खुन्याचं नाव लवकर उघड करा म्हणून मागे लागले होते. लिंच यांना ते मुळीच नको होतं. शेवटी १० नोव्हेंबर १९९० च्या भागात खुनी प्रेक्षकांना कळला. अजून न पाहिलेल्यांसाठी नाव इथे लिहीत नाही. तो भाग खुद्द लिंच यांनी दिग्दर्शित केला, आणि टेलिव्हिजनवर इतकं भयंकर आणि इतकं दुःखद त्याआधी फार थोडं दाखवलं गेलं असेल. डिसेंबरच्या सुरुवातीला प्रकरण मिटलं.

आणि पर्वाचे अर्ध्याहून जास्त भाग अजून बाकी होते. कारण दुसरं पर्व बावीस भागांचं होतं.

त्या उरलेल्या भागांत काय आहे? लॉराचा प्रियकर जेम्स मोटरसायकलवरून गाव सोडतो. वाटेतल्या एका बारमध्ये त्याला एक श्रीमंत विवाहिता भेटते, तिच्या नवऱ्याची गाडी दुरुस्त करायला तो तिच्या घरी राहतो आणि नवऱ्याच्या खुनाच्या कटात ओढला जातो. हे कित्येक भाग चालतं. यात गाव नाही, लॉरा नाही, कूपर नाही. इकडे गावात हॉटेलमालक बेन हॉर्न भ्रमिष्ट होऊन स्वतःला अमेरिकी यादवी युद्धातला सेनापती समजतो. नादीन नावाची मध्यमवयीन बाई बेशुद्धीतून उठते ती आपण शाळकरी आहोत या समजुतीने, आणि अंगात राक्षसी ताकद घेऊन. सुट्या सुट्या पाहिल्या तर यातल्या काही गोष्टी गमतीच्या आहेत. पण यांतल्या एकीनेही मूळ वहीत नवी नोंद केली नाही. जेम्सचं काय होणार, या चिंतेने कोणाचीही झोप उडाली नाही.

नवा मोठा प्रश्न लेखकांकडे होता. विंडम अर्ल हा कूपरचा जुना सहकारी. बुद्धिबळाची एकेक चाल खेळत तो माणसं मारतो. पण तो ठळकपणे समोर येईपर्यंत आठवडेच्या आठवडे गेले. फेब्रुवारी १९९१ मध्ये वाहिनीने मालिका बेमुदत थांबवली. चाहत्यांनी पत्रांचा मारा केल्यावर ती मार्चअखेर परत आली आणि १० जूनला शेवटचे दोन भाग लागोपाठ दाखवून संपवली. तेव्हा प्रेक्षक उरले होते एक कोटीच्या आसपास.

खुनी सांगितला, तिथेच मालिका मेली, असं लिंच यांचं कायम म्हणणं होतं. मला ते पूर्ण पटत नाही. निम्मे लोक त्याआधीच गेले होते, तेही उत्तर मिळत नाही म्हणून. उत्तर देण्यात चूक नव्हती. उत्तर देण्याआधी पुढचा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात रुजलेला हवा होता, आणि तो रुजवायला घरचे लोक जागेवर नव्हते. दुसऱ्या पर्वातल्या बावीस भागांपैकी लिंच यांनी दिग्दर्शित केले चार. फ्रॉस्टही आपल्या चित्रपटाच्या कामात गुंतले होते. बाकीच्या मंडळींनी गावाचा विक्षिप्तपणा उचलला. त्याच्या मुळाशी असलेलं त्या मुलीचं दुःख मात्र मागे राहिलं. २०१७ मध्ये शोटाइम वाहिनीवर मालिका पुन्हा आली तेव्हा अठराच्या अठरा भाग लिंच यांनीच दिग्दर्शित केले. ते पर्व संथ आहे, अवघड आहे, पण त्यात जेम्सच्या त्या भटकंतीसारखा एकही परका तुकडा नाही.

४. नुसतं घेत राहणारी मालिका

दुसरा प्रकार चिडून जाण्याचा. ‘द वॉकिंग डेड’ ही जिवंत प्रेतांच्या जगात तगून राहणाऱ्या माणसांची गोष्ट. ऑक्टोबर २०१४ मध्ये पाचव्या पर्वाच्या पहिल्या भागाला सुमारे १ कोटी ७३ लाख प्रेक्षक होते, केबल वाहिनीसाठी अफाट आकडा. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेवटचा भाग प्रक्षेपणाच्या रात्री पाहिला सुमारे २३ लाखांनी.

मधे काय झालं, ते सहाव्या पर्वात दिसतं. ग्लेन हे सगळ्यांचं लाडकं पात्र प्रेतांच्या गर्दीत कोसळतं आणि ती प्रेतं त्याला फाडताहेत असं आपल्याला दिसतं. पुढच्या भागांत सुरुवातीच्या नामावलीतून त्या अभिनेत्याचं नावही काढलं गेलं. काही आठवड्यांनी कळलं की तो कचऱ्याच्या मोठ्या पेटीखाली सरकून वाचलाय. म्हणजे कथेने तर फसवलंच, नामावलीनेही फसवलं. त्याच पर्वाच्या शेवटी खलनायक नेगन सगळ्यांना गुडघ्यांवर बसवतो, एकाला निवडतो, बॅट थेट कॅमेऱ्यावर येते आणि पडदा काळा. कोण मेलं? सहा महिन्यांहून अधिक काळ थांबा.

ऑक्टोबर २०१६ मध्ये उत्तरासाठी १ कोटी ७० लाख लोक आले, आणि त्यांना ग्लेनचाच मृत्यू इतक्या तपशिलाने दाखवण्यात आला की अनेकांना तो पाहवला नाही. पुढच्याच आठवड्यात प्रेक्षक सव्वा कोटीवर आले. संख्या पुन्हा कधी त्या उंचीला पोचली नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. उत्कंठा म्हणजे कथेतल्या माणसांनाच पुढचं माहीत नसणं. अडवणूक म्हणजे कथेतल्या सगळ्यांना माहीत असणं आणि फक्त आपल्यापासून लपवणं. बॅट कोणाच्या डोक्यात बसली हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. प्रेक्षकाला हा फरक शब्दांत मांडता येत नसेल, पण जाणवतो हमखास.

याच मालिकेचा दुसरा आजार म्हणजे चक्र. सुरक्षित जागा सापडते, जरा बरे दिवस येतात, एक क्रूर पुढारी येतो, युद्ध होतं, जागा उद्ध्वस्त होते, पुन्हा भटकंती. पहिल्या फेरीत धास्ती वाटते. तिसऱ्या फेरीत जागा सापडली की आपण पुढाऱ्याची वाटच पाहू लागतो. एकूण १७७ भाग झाले, आणि एवढ्यात पात्रांची नावं जितकी बदलली तितका प्रश्न बदलला नाही.

५. आकडा मोठा म्हणजे आवड मोठी असं नाही

‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा भाग, १९ मे २०१९. त्या रात्री एचबीओवर सुमारे १ कोटी ९३ लाख लोकांनी तो पाहिला, वाहिनीचा विक्रम. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कारही मिळाला. तरीही आठवं पर्व नव्याने बनवा, या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

वाण्याच्या हिशोबाने यात विसंगती नाही. ज्याची बाकी अडकलीय तो शेवटच्या दिवशी येणारच. आठ वर्षांची उधारी होती, ती वसूल व्हायची वेळ आली, आणि सहा भागांत घाईघाईने हिशेब मिटवला गेला. जॉर्ज मार्टिन यांच्या छापील कादंबऱ्या पाचव्या पर्वाच्या सुमारासच संपल्या होत्या. पुढचा प्रवास लेखकांना बहुतांशी स्वतः रचावा लागला. मुक्काम ठाऊक होते, पण पात्रं तिथे आपल्या पावलांनी चालत जाण्याइतका अवधी दिला नाही. इथे पाणी घातलं नव्हतं. उलट आटवलं होतं. म्हणून ‘लांबवली की बिघडते’ हा नियमही सरसकट लावता येत नाही.

६. पण इतके भाग हवेत कोणाला?

जुन्या अमेरिकी टेलिव्हिजनवर शंभर भाग हा जादूचा आकडा मानला जाई. तेवढा साठा झाला की स्थानिक वाहिन्यांना रोज पुनःप्रक्षेपणासाठी मालिका विकता येई, आणि खरा नफा तिथे होता. वर्षाला बावीस भाग धरले तर शंभरासाठी पाच वर्षं लागत. कथा दोन वर्षांची असो की तीन, व्यवसाय पाच वर्षं मागायचा. आपल्याकडे आठवड्याला सहा भाग आणि दर आठवड्याचा टीआरपी. वर्षाला तीनशेच्या आसपास भाग होतात. हुशारातला हुशार लेखकही या रहाटगाडग्यात एक प्रसंग तीन भागांत वाटेल, त्याला इलाज नाही.

यावर एक उपाय सापडला होता. ‘लॉस्ट’ ही विमान कोसळून बेटावर अडकलेल्यांची मालिका तिसऱ्या पर्वात घसरत होती. फेब्रुवारी २००७ मध्ये तर जॅक या नायकाच्या दंडावरचं गोंदण कुठून आलं, यावर बराचसा भाग खर्ची पडला. ते गोंदण कोणाच्याही वहीत नव्हतं. मालिकेचे सूत्रधार डेमन लिंडेलॉफ आणि कार्ल्टन क्यूझ पुढे याच भागाकडे बोट दाखवत आले: शेवट कधी हे माहीत नसलं की लेखकाला असं वेळ काढत बसावं लागतं. मे २००७ मध्ये एबीसीने जाहीर केलं की आणखी ४८ भाग होतील आणि २०१० मध्ये मालिका संपेल. चालत्या मालिकेची अखेर तीन वर्षं आधी ठरवणं तेव्हा अजब होतं. पण पुढच्याच पर्वात कथा सरळ धावू लागली, कारण उरलेली अंतरं आता मोजता येत होती. शेवटावर मतभेद झाले, आजही होतात. गोंदणासारखे भाग मात्र पुन्हा फारसे आले नाहीत.

७. मागे जाणारं पर्व

नवी नोंद करायची तर कथा पुढेच न्यायला हवी, असं नाही. झी मराठीवर २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली ती अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून. सिंधुदुर्गातला वाडा, जमलेलं कुटुंब, मालवणी बोली आणि घरभर पसरलेला संशय. त्या पर्वात अण्णा हे आधीच गेलेलं माणूस. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं आणि ते काळात मागे गेलं. माधव अभ्यंकरांचे अण्णा जिवंत, दरारा ऐन भरात, आणि समोर अपूर्वा नेमळेकरची शेवंता.

अण्णा मरणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. तरी घराघरांत चर्चा झाली ती या दुसऱ्या पर्वाचीच. अंगणात बायको माईंवर खेकसणारा, गडी पांडूला लाथाडणारा आणि शेवंतेपुढे वितळणारा हा माणूस स्वतःच्या शेवटाकडे कोणकोणत्या कृत्यांनी जातो, हे लोकांना पाहायचं होतं. त्याची प्रत्येक नवी दुष्टाई पहिल्या पर्वातल्या एखाद्या भीतीचं कारण सांगत होती, म्हणजे जुनी बाकी थोडी थोडी फिटत होती. आणि त्याच प्रसंगात शेवंतेचं पुढे काय होणार, हा नवा घोर लागत होता.

तिसऱ्या पर्वात, २०२१ मध्ये, शेवंतेच्या भूमिकेतली अभिनेत्री मधूनच बदलली. नव्या अभिनेत्रीच्या कामाचा यात दोष नाही. पण प्रेक्षकाने दोन वर्षं जीव लावला होता तो कथेइतकाच एका चेहऱ्याला, त्या नजरेला, पदर सावरण्याच्या लकबीला. कथेतला प्रश्न लेखक नव्याने लिहू शकतो. चेहऱ्याशी जडलेला जीव नव्या चेहऱ्याकडे जायला वेळ लागतो, आणि रोज रात्री एक भाग द्यायचा असतो तेव्हा तेवढा वेळ कोणाकडेच नसतो.